धनुष्य पाहावे घेऊन

कोणतीही मोठी वस्तू विकत घेण्यापूर्वी तिच्या जातीतील इतर वस्तूंशी तिची तुलना करणे हा सामान्यतः खरेदीचा पूर्वभाग समजला जातो. परंतु सटाणा आणि एकूणच बागलाण तालुक्यातील व्यवहार पाहणाऱ्यास असे आढळते की येथे तुलना हा स्वतंत्र व स्वयंपूर्ण उद्योग असून प्रत्यक्ष खरेदी ही त्या उद्योगात अधूनमधून येणारी अडचण आहे. कांद्याचे बी, द्राक्षाची रोपे, डाळिंबावरील तेल्या रोगाची औषधे आणि ठिबकच्या नळ्या यांची तुलना आरम नदीच्या दोन्ही काठांवर वर्षानुवर्षे चालत आली असून तिचे निकष ठरलेले आहेत, साक्षीदार ठरलेले आहेत आणि निर्णय झाल्यानंतर ‘आधी विचारायचं तरी होतं’ असे म्हणणारे नानाही ठरलेले आहेत. अशा मुलखात एखाद्या घरी कंपाउंड धनुष्य घ्यावयाचे ठरले, म्हणजे एका सर्वस्वी अपरिचित वस्तूवर एक सर्वस्वी मुरलेले तुलनाशास्त्र तुटून पडते, आणि त्यातून जे निष्पन्न होते त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभीच एक खबरदारी नोंदविणे आवश्यक आहे. ‘कोणता धनुष्यबाण चांगला?’ हा प्रश्न महाराष्ट्रात चहाच्या टपरीवर मोठ्याने विचारण्याजोगा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने ते चिन्ह गोठविले आणि १७ फेब्रुवारी २०२३ रोजी एका गटाला दिले, तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर देणारा मनुष्य प्रथम विचारणाऱ्याच्या गळ्यातील उपरणे न्याहाळतो. म्हणून जिज्ञासूने ‘कंपाउंड’ हे विशेषण आधी आणि ठसठशीत उच्चारावे, आणि तरीही समोरच्याची भुवई खाली न आल्यास ‘चाकांचं धनुष्य’ असा खुलासा जोडावा.

हा खुलासा शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे. बागलाणाच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात भिल्ल तिरंदाज वापरीत आलेला, बांबूच्या दांड्याला बांबूच्याच सालीची दोरी लावलेला तिरकामठा घ्यावा किंवा ऑलिंपिकमध्ये दिसणारे, टोके बाहेरच्या बाजूला वळलेले रिकर्व्ह धनुष्य घ्यावे, दोहोंतही दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो, आणि पूर्ण ओढलेल्या अवस्थेत, म्हणजे नेमके जेव्हा नेम धरावयाचा असतो तेव्हाच, हात सर्वाधिक थरथरतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने या गैरसोयीवर उपाय म्हणून धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके बसविली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्याला ते मिळाले. या चाकांचा आस मध्यावर नसून एका बाजूला ढळलेला असतो. अशा चाकाला आज कॅम म्हणतात. कॅमच्या आकारामुळे ओढीचा जोर प्रथम झपाट्याने चढतो, काही काळ तेथेच टिकतो आणि शेवटी एकाएकी कोसळतो, व या घसरणीला लेट-ऑफ असे नाव आहे. ६० पाउंडांच्या, म्हणजे सुमारे २७ किलो ओढीच्या धनुष्याचा लेट-ऑफ ८० टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यानंतर हातावर केवळ १२ पाउंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आतला भार उरतो, आणि धनुर्धराला नेम धरण्याबरोबरच धनुष्याच्या हप्त्यांचा विचार करण्याइतकी उसंत मिळते.

बागलाणातील तुलनेचा पहिला नियम ट्रॅक्टरच्या खरेदीतून आलेला आहे. ट्रॅक्टरविषयीचा पहिला प्रश्न ‘किती एचपीचा?’ हा असतो आणि उत्तरातील आकड्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील आदर अवलंबून असतो. जमीन तीनच एकर आहे ही बाब त्या आदराच्या आड येत नाही. धनुष्याच्या बाबतीत हीच जागा ‘किती पाउंड?’ या प्रश्नाने घेतलेली आहे. ओढताना लागणाऱ्या सर्वाधिक जोराला ड्रॉ वेट म्हणतात. ते ४० पाउंड आहे असे सांगितले की ऐकणारा सहानुभूतीने मान हलवितो, ५० सांगितले की ‘शिकायपुरतं ठीक आहे’ म्हणतो, आणि ७० सांगितले की बसायला खुर्ची देतो. वास्तविक वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमानुसार स्पर्धेतील कंपाउंड धनुष्याला ६० पाउंडांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे खुर्ची मिळविण्यासाठी घेतलेले वरचे १० पाउंड मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवून आत जावे लागते. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे बोल्ट सैल करून ही ओढ बहुधा दहा-एक पाउंडांनी उतरविता येते, परंतु उतरविलेला आकडा कोणी सांगत नाही. न पेलणारे वजन घेणारा मनुष्य दोरी ओढताना धनुष्य आभाळाकडे रोखतो, कारण त्या स्थितीत खांदा, पाठ आणि अब्रू या तिघांना मिळून जोर लावता येतो. प्रशिक्षक ही सवय सर्वांत आधी मोडून काढतात, कारण त्या क्षणी चुकून सुटलेला बाण लक्ष्याच्या दिशेने न जाता तालुक्याच्या दिशेने जातो.

दुसरा आकडा वेगाचा, आणि तुलनेचा खरा रस याच आकड्यात आहे. माहितीपत्रकावर एखाद्या धनुष्याचा वेग सेकंदाला ३४० फूट असा ठळक छापलेला असतो. हा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे समृद्धी महामार्गावर मोटारींना घालून दिलेल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे वाचणारा पुढचे बारीक अक्षर वाचण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. बारीक अक्षरात असे लिहिलेले असते की हा वेग इंटरनॅशनल बोहंटिंग ऑर्गनायझेशन या संस्थेच्या रीतीने मोजलेला आहे. त्या रीतीत धनुष्य ७० पाउंडांचे, ओढ ३० इंचांची आणि बाण ३५० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २२.७ ग्रॅम वजनाचा, धरला जातो. आता ओढीची लांबी, अर्थात ड्रॉ लेंथ, काढण्याचा ढोबळ नियम असा की दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. ३० इंचांच्या ओढीसाठी हे अंतर ७५ इंच हवे. आणि माणसाचा हातांचा पल्ला साधारणतः त्याच्या उंचीइतकाच असल्यामुळे असे म्हणावे लागते की छापलेला वेग हा धनुष्याचा नसून सव्वासहा फूट उंचीच्या एका परदेशी गृहस्थाचा आहे, आणि तो गृहस्थ खोक्यात मिळत नाही.

सटाण्यातील साडेपाच फुटांच्या आसपासच्या खरेदीदाराची ओढ याच हिशोबाने २६ इंच भरते. ओढ एक इंचाने कमी झाली की वेग सुमारे १० फुटांनी उतरतो, स्पर्धेसाठी दहा पाउंड सोडावे लागले की आणखी पंधरा-वीस फूट जातात, आणि स्पर्धेत वापरावयाचा थोडा जड बाण लावला की उरलेल्यातूनही वजावट होते. मंडईत आडत, हमाली आणि तोलाई वजा होऊन पट्टी हातात यावी त्या क्रमाने ३४० चे अखेरीस २७० च्या आसपास काहीतरी उरते. एवढे होऊनही वाद चालतो तो ३४० आणि ३४५ यांचा. दोन धनुष्यांमधील या पाच फुटांच्या फरकावरून आठवडेच्या आठवडे निघतात, आणि तो फरक अर्ध्या इंच ओढीएवढाच असतो. हात मात्र तोपर्यंत कोणी मोजलेला नसतो. लहान मुलासाठी धनुष्य घेताना तर ओढही वाढत्या अंगाची घेतली जाते. कित्येक धनुष्यांत कॅमवरील एक तुकडा सरकवून ओढ काही इंचांच्या टप्प्यात कमी-अधिक करण्याची सोय असते ही चांगली गोष्ट आहे, परंतु तो तुकडा पहिल्या दिवशीच शेवटच्या खुणेवर नेऊन ठेवण्याची घाई होते, आणि मूल ओढ पुरी करण्यासाठी मान मागे नेऊन जी मुद्रा करते ती कोणत्याही धनुर्वेदात वर्णिलेली नाही.

जनकाच्या सभेत याच्या नेमके उलट घडले होते. तेथे धनुष्य एकच होते आणि तुलना झाली ती उमेदवारांची. शिवधनुष्य किती पाउंडांचे आहे असे कोणाही राजाने विचारले नाही, कारण प्रत्येकाला ते स्वतःच्या पाठीवरून कळत होते. पाहणीच्या वेळीच माल मोडल्याचे आद्य उदाहरणही तेथलेच, आणि त्याची तक्रार घेऊन साक्षात परशुराम आले, यावरून वॉरंटीचा प्रश्न किती पुरातन आहे हे ध्यानात यावे.

तुलनेच्या साहित्यातील एक मोठी अडचण हरणांची आहे. कंपाउंड धनुष्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक अमेरिकेतील शिकारी असल्यामुळे माहितीपत्रके आणि परीक्षणे त्याच्याच सोयीने लिहिली जातात, आणि त्यांतील निम्मा मजकूर धनुष्य किती शांत आहे या विषयाला वाहिलेला असतो. त्यामागील कारण भौतिकशास्त्राचे आहे: ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि बाण ९०-१०० मीटर, त्यामुळे दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो, हरीण दचकून अंग खाली घेते आणि बाण पाठीवरून निघून जातो. स्पर्धेत कंपाउंडचे लक्ष्य ५० मीटरवर असते, ते ८० सेंटिमीटर व्यासाच्या कागदाचे असते, त्याचे दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर असते, आणि त्या कागदाने आवाज ऐकून अंग खाली घेतल्याचे उदाहरण नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू असून शिकारीला बंदी आहे. तरीही सटाण्यातील खरेदीदार ‘आवाज किती करतं?’ हा प्रश्न निष्ठेने विचारतो, आणि पुढे पानापानांच्या नक्षीचा रंग हवा की काळा, यावर घरात मतदान घेतो. तो नक्षीचा रंग परदेशी अरण्यात दडून बसण्यासाठी काढलेला असल्यामुळे छाटणी झालेल्या द्राक्षबागेत तो अधिकच उठून दिसतो, आणि पानांनी भरलेल्या बागेत धनुष्य टेकवून ठेवल्यास संध्याकाळी ते शोधायला माणसे लावावी लागतात.

हरणाच्या सोयीने आखलेली मापे लक्ष्यवेधाला चालत नाहीत, हे समजण्यास दोन संज्ञा पुरेशा आहेत. दोन्ही कॅमच्या आसांमधील अंतराला ॲक्सल-टू-ॲक्सल म्हणतात. झाडावर अवघडून बसणाऱ्या शिकाऱ्याला आखूड धनुष्य सोयीचे, म्हणून त्याचे हे माप साधारण २८ ते ३३ इंच असते, तर मैदानावर उभे राहणाऱ्याला स्थैर्य हवे म्हणून ते ३६ ते ४० इंचांच्या दरम्यान ठेवतात. दुसरी संज्ञा ब्रेस हाइट. दोरी न ओढलेल्या स्थितीत मुठीपासून दोरीपर्यंतचे हे अंतर सहा इंच असेल तर बाण दोरीवर अधिक काळ राहून अधिक वेग घेतो, पण तेवढ्याच काळात हाताने केलेली प्रत्येक लबाडीही त्याच्यापर्यंत पोचते. ते सात-साडेसात इंच असेल तर वेग थोडा उतरतो आणि लहानसहान चुका पोटात घातल्या जातात. अशा धनुष्याला क्षमाशील म्हणण्याचा प्रघात आहे. क्षमाशीलता हा गुण घरात सर्वांना हवा असतो आणि त्यासाठी पाच फुटांचा वेग सोडायला कोणी तयार नसतो.

उजवे-डावे हा त्यानंतरचा घाट. उजव्या हाताचे म्हणून विकले जाणारे धनुष्य डाव्या हातात धरावयाचे असते, कारण दोरी उजव्या हाताने ओढली जाते. हे समजावून सांगण्यात दुकानदाराची सकाळ जाते. समजल्यानंतर असे निघते की निर्णय हाताने करावयाचा नसून डोळ्याने करावयाचा आहे, कारण माणसाच्या दोन डोळ्यांपैकी एक प्रबळ असतो आणि नेम त्या बाजूने धरणे हिताचे असते. दोन्ही तळवे पुढे करून त्यांच्यामध्ये लहान त्रिकोणी फट ठेवावी, तीतून दूरचा खांब पाहावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा; जो डोळा उघडा असताना खांब जागेवर राहतो तो प्रबळ. रिकर्व्ह आणि कंपाउंड दोन्ही प्रकारांत धनुष्याची बांधणीच एका बाजूची असल्याने दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडणाऱ्या सव्यसाची अर्जुनाला आज दोन स्वतंत्र धनुष्ये घ्यावी लागली असती, आणि दोन्हींच्या किमती कुंतीला एकदम सांगता आल्या नसत्या. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत त्याला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला म्हणून तो उत्तीर्ण झाला. कंपाउंडच्या धनुर्धराला दोरीत बसविलेल्या पीप नावाच्या बारीक कड्यातून पाहावे लागते, पुढच्या भिंगातून पाहावे लागते, शिवाय धनुष्य तिरके झालेले नाही ना, हे सांगणारा पाण्यातील बुडबुडाही पाहावा लागतो, आणि ‘काय दिसते?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिल्यास तो नापास होतो.

दोरी बोटांनी न धरता रिलीज नावाच्या हातातील उपकरणाने पकडली जाते आणि खटका दाबला की सुटते. यातील एक लोकप्रिय प्रकार अंगठ्याने चालतो. ज्या मुलखात एकलव्य परका मानला जात नाही, आणि त्याच्या अंगठ्याच्या स्मरणार्थ भिल्ल तिरंदाज आजही तर्जनी व मध्यमेने दोरी ओढतात असे अभिमानाने सांगितले जाते, तेथे अंगठ्याचा खटका पुढे करणाऱ्या विक्रेत्याने आधी थोडी चाचपणी करून घ्यावी. तर्जनीने चालणारा प्रकारही मिळतो आणि त्यावर कोणत्याही गुरूने हक्क सांगितलेला नाही.

कंपन्यांची तुलना करू जाणाऱ्याने महाभारत वाचलेले असणे बरे. गांडीवाची तुलना कोणाशीही झाली नव्हती, कारण खांडववन जाळण्यापूर्वी अग्नीने ते वरुणाकडून मिळवून दिले, म्हणजे पुरवठादार एकच होता, आणि त्यासोबत अक्षय भातेही मिळाले. ही योजना आता बंद झालेली आहे. पुढे कर्णपर्वात ‘गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक’ असे युधिष्ठिर बोलून गेला, तेव्हा अर्जुनाने प्रतिज्ञेला जागून सख्ख्या वडील भावावर तलवार उपसली आणि प्रकरण मिटवायला श्रीकृष्णाला मध्ये पडावे लागले. १९३१ पासून चालत आलेल्या हॉइटचा मालक, १९९२ मध्ये मॅट मॅकफर्सन यांनी स्थापन केलेल्या मॅथ्यूजचा मालक आणि ॲरिझोनातील टूसॉनच्या पीएसईचा मालक यांची आपापल्या धनुष्यावरील निष्ठा याच प्रतीची असते, आणि तिघांना एकाच वेळी सल्ला विचारणाऱ्याला श्रीकृष्ण वेळेवर मिळेलच असे नाही. त्यातच सानलिदा, टोपॉइंट अशी चिनी नावे बऱ्याच कमी किमतीत बाजारात आलेली असल्याने वादात एक आर्थिक पक्षही उभा राहतो, आणि त्याचे प्रतिनिधित्व बहुधा वडील करतात.

किंमत हा विषय वडिलांच्या हाती गेल्यावर तुलनेला बागलाणी वळण मिळते. नामांकित कंपनीचे स्पर्धेचे धनुष्य सर्व साहित्यासह काही लाखांत जाते, कारण ट्रॅक्टर घेतल्यावर रोटाव्हेटर आणि ट्रॉली वेगळी घ्यावी लागते त्याप्रमाणे येथेही नेमदर्शक, भिंग, बाण टेकविण्याचा रेस्ट, धनुष्य डुलू नये म्हणून पुढे व मागे लावावयाचे स्टॅबिलायझर नावाचे दांडे, रिलीज आणि ओढीच्या वजनाला व लांबीला जुळणाऱ्या ताठपणाचे डझनभर बाण हे सगळे जाहिरातीतल्या किमतीबाहेर असते. समजा हा आकडा अडीच लाख रुपये धरला, तर क्विंटलला १,००० रुपये भाव असताना हे धनुष्य २५० क्विंटल कांद्यांचे पडते आणि ४,००० रुपये भाव असताना साडेबासष्ट क्विंटलचे. धनुष्य तेच, पाउंड तेच, लेट-ऑफ तोच, आणि एकाही परीक्षणात हा मुद्दा विचारात घेतलेला नाही. भाव चढला असताना ‘थोडा आणखी चढू दे’ म्हणून खरेदी थांबते आणि उतरल्यावर उतरला म्हणून थांबते. सटाण्याचे आराध्य दैवत यशवंतराव महाराज हे येथले मामलेदार होते आणि १८७० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटून टाकला. पुढे तपासणी झाली तेव्हा तो खजिना पुरता भरलेला आढळला अशी लोकांची श्रद्धा असून मार्गशीर्षातील त्यांची यात्रा आजही भरते. घरच्या खजिन्याची तपासणी करणाऱ्या गृहिणीला मात्र असा अनुभव आलेला नसल्याने तिने या व्यवहारात कठोर भूमिका घेणे स्वाभाविक आहे.

धनुष्य घरी आल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळची तरतूद कोणत्याही तुलनेत केलेली नसते. बागलाणात घरी आलेली नवी वस्तू पाहायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘कितलाले लिधं?’ हा असतो आणि दुसरी कृती ती वस्तू चालवून पाहण्याची असते. आता बाण न लावता दोरी ओढून सोडणे, ज्याला ड्राय फायर म्हणतात, हा कंपाउंड धनुष्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. बाणाने घेऊन जावयाची सगळी ऊर्जा पात्यांमध्ये आणि कॅममध्येच परत शिरते, दोरी चाकावरून निसटते, कॅम वाकतो आणि प्रसंगी पाती फुटते. साध्या तिरकामठ्याची नुसती दोरी टणकारून पाहण्याची सवय पिढ्यांची असल्याने मामांना, दाजींना आणि शेजारच्या आबांना हा नियम पटविणे कठीण जाते, आणि ‘बाण लागला तर कोणाला? म्हणून तर लावला नाही’ हे त्यांचे उत्तर मानवतेच्या दृष्टीने बिनतोड असते. निखळलेली दोरी हाताने परत चढविता येत नाही, कारण या धनुष्याची पाती विश्रांतीच्या वेळीही ताणलेलीच असतात. ती दाबून धरणारे बो प्रेस नावाचे यंत्र लागते. म्हणून दोन धनुष्यांत निवड करताना वेगाच्या रकान्याशेजारी ‘बो प्रेस कोठे?’ असा एक रकाना असावा, आणि त्याखाली किलोमीटर लिहावेत. वैशाखातल्या उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या धनुष्याचीही थोडीफार हीच गत होते. दोरी ताणून लांबते आणि कॅमची परस्परांशी बसलेली वेळ बिघडते.

जागेचा प्रश्न सोपा वाटतो, कारण ५० मीटर सरळ पट्टा कोणत्याही शेतकऱ्याकडे असतो. अडचण एक्कावन्नाव्या मीटरला सुरू होते, कारण तेथे बहुधा बांध असतो. बांध कोणी किती कोरला यावरून चाललेले दावे तहसीलमध्ये आधीच पुरेसे असताना त्यांत शेजाऱ्याच्या डाळिंबात सापडलेल्या कार्बनच्या बाणाची भर घालणे कोणालाही परवडणारे नाही. तेव्हा लक्ष्यामागे मातीचा उंच भराव हवा, आणि तो भराव आपल्याच हद्दीत हवा. शेतातून धनुर्धर निर्माण होतात याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या शेतात उभारलेल्या अकादमीत प्रवीण सावंत यांच्या हाताखाली शिकली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंडची जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५ पैकी १५ बाण दहाच्या वर्तुळात मारून १५० पैकी १५० गुण घेतले, आणि त्याचा प्रतिस्पर्धी १४९ गुण घेऊन हरला. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात माइक श्लोसर या नेदरलँड्सच्या नावाजलेल्या धनुर्धराला एका गुणाने हरविले. या बातम्या सटाण्यात पोचल्या तेव्हा काही विचारवंतांचा पहिला प्रश्न ‘त्यांचं धनुष्य कोणतं?’ हा होता, असे मानण्यास जागा आहे. ते रोज किती बाण सोडतात, हा प्रश्न तुलनेच्या तक्त्यात बसत नसल्याने विचारला जात नाही.

या शास्त्राला अंत नाही याची व्यवस्था कंपन्यांनीच केलेली आहे. पुढच्या वर्षीची नवी धनुष्ये त्या साधारणपणे आपल्या दिवाळीच्या आगेमागे जाहीर करतात, त्यामुळे दसऱ्याला पूर्ण झालेला तक्ता तुळशीच्या लग्नापर्यंत जुना होतो. त्यात १९७२ पासून रिकर्व्हलाच ओळखणाऱ्या ऑलिंपिकने लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या स्पर्धेत कंपाउंडला प्रवेश देण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, आणि तोही फक्त मिश्र सांघिक प्रकारात, म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री मिळून. या निर्णयाचे परिणाम घरोघर निराळे संभवतात. ज्या घरात दोन वर्षे भावाच्या धनुष्याची तुलना चालली आहे तेथे बहीण भिंतीला पाठ लावून हात पसरून उभी राहते, आई शिवणाच्या टेपने अंतर मोजते, ते ६२ इंच भरते, अडीचने भागल्यावर पंचवीसच्या किंचित आत येते, आणि तेवढ्या ओढीपर्यंत खाली न येणारी सगळी धनुष्ये एका दुपारीच यादीतून गळतात. नवखीला झेपेल असे वजन धरल्यावर आणखी काही जातात, आखूड शिकारी धनुष्ये बाजूला काढल्यावर दोन उरतात, आणि त्या दोहोंत फरक रंगांच्या निवडीपुरताच असल्यामुळे दोरी जांभळी मिळेल ते मागविले जाते.